पिंजऱ्यात कोण उभे आहे?

न्यायालयाच्या निकालपत्राला वाङ्मय म्हणण्याची प्रथा मराठी समीक्षेत नाही. कायद्याची भाषा ही आज्ञेची भाषा; तिचे यश तिच्या अंमलबजावणीवरून मोजावयाचे, रसिकाच्या प्रतीतीवरून नव्हे, अशी एक समजूत या संकोचामागे आहे. ती सर्वस्वी चुकीची नाही. परंतु फौजदारी खटल्याच्या निकालपत्रातील मोठा भाग आज्ञेचा नसतो, कथनाचा असतो. त्यात पात्रे असतात, घटनांचा क्रम असतो, हेतू असतात, आणि एकाच प्रसंगाच्या दोन परस्परविरोधी कथांपैकी कोणती संभवनीय याचा निवाडा असतो. ॲरिस्टॉटलने काव्याच्या संदर्भात ज्या संभवनीयतेचा ऊहापोह केला तिच्यावाचून न्यायाधीशाचेही चालत नाही. आता, अमुक प्रसंगी स्त्री अशी वागणे संभवनीय आणि तशी वागणे असंभवनीय, हे न्यायाधीश कशावरून ठरवितो? कायद्याच्या पुस्तकात ते लिहिलेले नसते. ते तो आपल्या अनुभवावरून, आणि ज्या कथाकीर्तनांवर व नाटक-कादंबऱ्यांवर त्याचा समाज पोसला गेला त्यांवरून ठरवितो. स्त्रीवरील अत्याचाराच्या कायद्याचा इतिहास वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत येतो तो या वाटेने.

मराठीत ही वाट प्रथम दाखविली ती ताराबाई शिंदे यांनी. 1881 साली सुरतेच्या न्यायालयात एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या अर्भकाची हत्या केल्याचा खटला चालला. तिला फाशीची शिक्षा झाली आणि पुढे अपिलात ती कमी करण्यात आली. या खटल्यावर वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या अधःपाताची जी चर्चा झाली तिला उत्तर म्हणून 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाईंनी 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध प्रसिद्ध केला. स. गं. मालशे यांनी 1975 साली त्याचे पुनर्मुद्रण केले, तेव्हापासून त्याचा उल्लेख 'बंडखोर' या एका विशेषणावर भागविण्याची चाल पडली आहे. वस्तुतः त्या निबंधाचे बळ त्याच्या संतापात जेवढे आहे तेवढेच त्याच्या वाचनपद्धतीत आहे. ताराबाई पोथ्यापुराणांतील आणि समकालीन कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रे काढून दाखवितात आणि ही चित्रे रंगविणारा हात कोणाचा, असे विचारतात. सुरतेच्या खटल्यात जो पुरुष कोठेच उभा नव्हता, त्याची गैरहजेरी त्यांना गुन्ह्याइतकीच बोलकी वाटली.

सुमारे शहाऐंशी वर्षांनंतर त्याच आरोपाखाली आणखी एक स्त्री पिंजऱ्यात उभी राहिली. मात्र हा पिंजरा खेळातला होता. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' 20 डिसेंबर 1967 रोजी रंगभूमीवर आले. एका हौशी नाटकमंडळीने गावातील भोळ्या सामंताला न्यायालयाची रीत समजावी म्हणून लुटुपुटूचा खटला मांडावा, शिक्षिका लीला बेणारेला भ्रूणहत्येची आरोपी करावे, आणि खेळता खेळता तिचे खरे आयुष्यच पुराव्याला यावे, अशी ही रचना. तिला दिवस गेले आहेत. त्याला कारण असलेले प्राध्यापक दामले याच मंडळीतले. पण ते आलेले नाहीत, आणि अखेरपर्यंत येत नाहीत. सुरतेच्या खटल्यातील रिकामी जागा इथेही रिकामीच आहे. शेवटी बेणारेचे दीर्घ स्वगत होते तेव्हा रंगमंचावरील सर्व पात्रे निश्चल झालेली असतात. म्हणजे तिचे म्हणणे प्रेक्षकांना ऐकू येते, न्यायालयाला येत नाही. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे न्यायासन निकाल देते तो तिच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याचा.

या नाटकावर पुष्कळ लिहिले गेले आहे. समाजाचा दांभिकपणा, मध्यमवर्गीयांची विफलता, मनुष्यस्वभावातील सुप्त हिंस्रता या सूत्रांनी त्याची उकल करण्यात आली, आणि ती यथायोग्यच आहे. तथापि त्यातील एका तपशिलाकडे समीक्षेने द्यावे तितके लक्ष दिलेले दिसत नाही. साक्षीदार म्हणून उभ्या केलेल्या सामंताला बेणारेविषयी काहीच ठाऊक नसते. त्याच्याजवळ एक हलकीसलकी कादंबरी असते. तिच्यातील प्रसंग, तिच्यातील संवाद तो साक्ष म्हणून सांगत सुटतो, आणि वकील सुखात्मे ते पुराव्यात जमा धरतात. सामंत दुष्ट नाही. नाटकात बेणारेविषयी थोडीबहुत माया दाखविणारा तोच एक. तरीही त्याच्या हातातील पुस्तक त्याच्या तोंडून बोलते. कल्पित वाङ्मय न्यायालयात साक्षीदार होऊन कसे उभे राहते याचे याहून नेमके रूपक मराठीत दुसरे नसेल.

हे रूपक किती शब्दशः खरे होते ते पाहण्यास फार काळ लागला नाही. 26 मार्च 1972 च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. वैद्यकीय अंदाजाप्रमाणे तिचे वय चौदा ते सोळा. आईवडील नव्हते; ती भावाजवळ राहून मजुरी करी. भावाच्याच तक्रारीवरून जबाबासाठी सर्वांना ठाण्यात बोलावले होते. जबाब झाल्यावर इतरांना बाहेर पाठवून तिला आत थांबवून घेण्यात आले. या खटल्याला कायद्याच्या ग्रंथांतून आणि चळवळीच्या वाङ्मयातून तिच्याच नावाने ओळखतात. अत्याचारपीडितेचे नाव प्रसिद्ध करणे गुन्हा ठरविणारे कलम ज्या दुरुस्तीने कायद्यात आले ती दुरुस्ती तिच्याच खटल्यामुळे झाली, आणि तिचे नाव मात्र तेवढे राहून गेले. येथे ते लिहिण्याचे प्रयोजन नाही. विधिग्रंथांत खटल्याचे नाव आहे 'तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य'.

हा प्रसंग तीन न्यायालयांनी तीन प्रकारे वाचला. सत्र न्यायालयाने 1974 साली दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडले. मुलीचे पूर्वीचे संबंध विचारात घेऊन तिने संमती दिली असावी आणि नंतर स्वतःला सावरण्यासाठी बनाव रचला असावा, असे त्या न्यायालयास वाटले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 साली हा निकाल फिरविला. धाकाने वा भीतीने शरीर निमूटपणे स्वाधीन करणे आणि मनाने राजी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्या निकालाचा गाभा. मराठीत 'निमूटपणे' आणि 'राजीखुशीने' या दोन क्रियाविशेषणांत जे अंतर आहे तेच खंडपीठाने कायद्याच्या परिभाषेत मांडले होते. 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्ततेचा निकाल दिला. अंगावर जखमांच्या खुणा नाहीत, तेव्हा प्रतिकाराची हकीकत खोटी. आणि प्रतिकार नाही, तेव्हा संमती, अशी त्या निकालाची तर्कसरणी होती. बाहेर आप्त उभे असता तिने आरडाओरडा केला नाही, ही गोष्टही तिच्याविरुद्ध धरण्यात आली.

सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. ते विधिक्षेत्रातील दस्तऐवज म्हणून सर्वपरिचित आहे. समीक्षा म्हणून ते कोणी वाचलेले नाही. तसे ते वाचावयास हवे. पत्रलेखक नवा पुरावा आणीत नाहीत. ते निकालपत्राची संहिता समोर ठेवतात आणि तिच्यातील मौने मोजतात: रात्रीची वेळ, बंद दार, आतील दिवा मालवलेला, समोर पोलिसी गणवेश, आणि तिच्या जागी एक अल्पवयीन अनाथ मजूर मुलगी. या तपशिलांना कथनात वजन का मिळाले नाही, अशी त्यांची पृच्छा आहे. घटना ज्या ठिकाणी घडली ते ठिकाणच अर्थाचा भाग असते, हे वाङ्मयाच्या अभ्यासकाला निराळे शिकवावे लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या कथनात पोलीस ठाणे ही केवळ एक इमारत राहिली होती. पत्रलेखकांनी तिला पुन्हा पोलीस ठाणे केले. या चौघांपैकी वसुधा धागमवार या कादंबरीकार गीता साने यांच्या कन्या. 1936 साली 'निखळलेली हिरकणी' लिहिणाऱ्या आईचा वारसा मुलीने कादंबरीत नव्हे, विधिचिकित्सेत चालविला. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या गोष्टीस जागा मिळत नाही, कारण तेथे वारशाचा हिशेब वाङ्मयप्रकारागणिक ठेवला जातो.

अंगावर जखम नाही म्हणून प्रतिकार नाही, हा नियम कोठून आला? 1860 च्या दंडसंहितेत तो नव्हता. त्या संहितेच्या 375 व्या कलमाची भाषा 'इच्छेविरुद्ध' आणि 'संमतीवाचून' अशी होती. बळाचा वापर ही तेथे अट नव्हती. मराठी प्रतिशब्दाने मात्र ती अट आत आणली. 'बलात्कार' या शब्दातच बल आहे, आणि तो शब्द उच्चारताक्षणी ऐकणाऱ्याचे मन झटापटीचे चित्र शोधू लागते. जखम, फाटलेले वस्त्र, फुटलेली बांगडी, आकांत ही सारी सामग्री कीर्तनकाराने, बखरकाराने, ऐतिहासिक नाटकाने आणि नंतर चित्रपटाने पुरविली. नायिकेच्या कमरेला कट्यार असावी, ती परक्या पुरुषावर चालावी, न चालली तर स्वतःच्या उरात. शील जाण्यापूर्वी प्राण जावा. जी जिवंत राहिली तिच्याविषयी कथा गप्प बसते किंवा संशय ठेवते. हा वाङ्मयीन संकेत आहे. संकेत म्हणून त्याची परीक्षा होऊ शकते. पण तोच निसर्गनियम समजून न्यायासनावर जाऊन बसला म्हणजे पोलीस ठाण्यातली गप्प राहिलेली मुलगी असंभवनीय पात्र ठरते. देसाईगंजच्या खटल्यातही सामंताच्या हातातले पुस्तक साक्ष देऊन गेले होते.

'शारदा' नाटकाचे उदाहरण या दृष्टीने फिरून पाहण्यासारखे आहे. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक 1899 साली आले, आणि जरठ-कुमारी विवाहाविरुद्ध त्याने जे लोकमत घडविले ते कोणत्याही सुधारकी व्याख्यानाला साधले नसते. परंतु भुजंगनाथाशी शारदेचे लग्न मोडते ते कशाने? शारदेची इच्छा नाही म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र आहेत असा उलगडा कोदंड ऐन वेळी करतो म्हणून. तिचा नकार सारे प्रेक्षागृह जाणून असते, आणि लग्नमंडपात मात्र त्याला काही किंमत नसते, गोत्राला असते. पुढे ती नदीवर जीव द्यायला निघते, म्हणजे नकाराची ग्राह्य अशी एकच भाषा तिला ठाऊक असते. देवलांच्या सहृदयतेत यामुळे काही उणे येत नाही. त्यांनी आपला काळ जसा होता तसा पकडला, आणि तो काळ संमतीवयाच्या वादातून नुकताच बाहेर पडलेला होता. 1890 साली कलकत्त्यात सुमारे अकरा वर्षांची एक विवाहित मुलगी पतीच्या संभोगाने दगावली. दंडसंहितेप्रमाणे तिने दहा वर्षे पूर्ण केलेली असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकला नाही. हलगर्जीपणाने इजा केल्याबद्दल त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. त्यानंतर 1891 च्या कायद्याने हे वय दहाचे बारा केले. त्या काळच्या वादातील 'संमती' हा शब्द मुलीच्या मनाविषयी बोलतच नव्हता. तो फक्त तिचे वय मोजत होता. (1929 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात ते हरबिलास सारडा यांच्यावरून, देवलांच्या नायिकेशी झालेले नामसाम्य हा योगायोग, पण मराठी माणसाला तो योगायोग वाटत नाही.)

'विनयभंग' हा शब्दही असाच तपासावा लागतो. या गुन्ह्यात कायदा कशाचे रक्षण करतो? शरीराचे नव्हे, मनाचे नव्हे, तर विनयाचे. म्हणजे स्त्रीने कसे असावे याविषयी समाजाची जी अपेक्षा तिचे. ही शब्दयोजना किती अवघड ठरू शकते ते 1966 साली पंजाबातील एका खटल्याने दाखविले. साडेसात महिन्यांच्या एका बालिकेला जाणूनबुजून इजा करण्यात आली होती. आणि एवढ्या तान्ह्या जिवाला भंग पावण्याजोगा विनय असतो काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. बहुमताने उत्तर दिले की असतो. मुख्य न्यायमूर्तींचे मत वेगळे पडले. निकाल योग्य लागला. पण असा प्रश्न उभा करावा लागतो, तेव्हा दोष त्या शब्दाकडेच जातो. 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. कलमाचा क्रमांक बदलला, विनय तेथेच राहिला.

अनावृत पत्रानंतर 1980 साली मुंबईसह अनेक शहरांत स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 साली कायदा दुरुस्त झाला. पोलीस, तुरुंग, रुग्णालय यांच्या ताब्यातील स्त्रीशी संभोग सिद्ध झाला आणि आपली संमती नव्हती असे तिने साक्षीत सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरून चालावे, हे पुराव्याच्या कायद्यातील 114-अ कलम त्याच दुरुस्तीतले. तक्रारदार स्त्री सामान्यतः अनीतिमान होती असे दाखवून तिची साक्ष खोडून काढण्याची मुभा 1872 पासून आरोपीला होती. ती 2003 साली संपली. दिल्लीतील डिसेंबर 2012 च्या घटनेनंतर झालेल्या 2013 च्या दुरुस्तीने संमतीची व्याख्या केली: स्त्रीने शब्दांनी वा खुणांनी निःसंदिग्धपणे दर्शविलेली स्वेच्छा म्हणजे संमती; आणि केवळ तिने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती धरता येणार नाही. नागपूर खंडपीठाने 1976 साली जे म्हटले होते ते कायद्याच्या पुस्तकात येण्यास सदतीस वर्षे लागली.

या दुरुस्त्यांविषयी सार्वजनिक चर्चा होते ती बहुधा शिक्षेच्या कठोरपणाची. फाशी हा शब्द वृत्तपत्राच्या मथळ्यात मावतो, सभेत टाळी घेतो, आणि नाटकाच्या शेवटासारखे समाधानही देतो. 2013 आणि 2018 साली काही गुन्ह्यांसाठी तो कायद्यात आलाही. न्यायमूर्ती वर्मा समितीने मात्र त्याची शिफारस केली नव्हती. परंतु स्त्रीचे संरक्षण खऱ्या अर्थाने बळकट केले ते पुराव्याच्या कायद्यातील या रुक्ष, कोणाच्या लक्षात न राहणाऱ्या कलमांनी. शिक्षा कितीही वाढविली तरी कथा कोणाची खरी मानावी हा प्रश्न आहे तेथेच राहतो. गृहीत धरण्याची दिशा बदलली म्हणजे तो हलतो. वैद्यकीय तपासणीतील दोन बोटांची चाचणी, जिच्यावरून स्त्री 'सरावलेली' आहे की नाही असे शेरे मारले जात, ती चालू राहिल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाला 2022 सालीही कठोर शब्दांत बोलावे लागले. कलम बदलले तरी शेरा लिहिणाऱ्याची लेखणी जुन्याच पुस्तकातून उतरवून घेत असते.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावयास हवा. बेणारे आणि देसाईगंजची मुलगी यांना एका ओळीत बसविणे हा मध्यमवर्गीय वाचकाचा सोयीस्कर समज नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. बेणारे शिकलेली आहे, नोकरी करते, आणि न्यायालय ऐकत नसले तरी तेंडुलकरांनी तिला मराठी रंगभूमीवरील एक अविस्मरणीय स्वगत दिले आहे. सुलभा देशपांडे यांच्या तोंडून ते ज्यांनी ऐकले ते धन्य होत. त्या मुलीला स्वगत नव्हते. तिचे बोलणे जबाबातून साक्षीत, साक्षीतून इंग्रजी निकालपत्रात आले, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याचे कर्ते दुसरे होते. ज्या वर्गाच्या स्त्रिया सर्वाधिक अत्याचार सोसतात त्यांची वाणी मराठीत प्रत्यक्ष येऊ लागली ती आत्मकथनांतून. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमचं' 1986 साली पुस्तकरूपाने आले. महारवाड्यातील सुनांचे हाल, त्यांची नाके कापली जाण्याचे प्रकार त्यांनी कोणताही अभिनिवेश न आणता नोंदविले आहेत. हे लेखन त्यांनी अनेक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते, आणि स्वतः सोसलेल्या मारहाणीविषयी त्या पुस्तकात नव्हे, पुढे मुलाखतीत बोलल्या. पुस्तकात समूहाची साक्ष आहे, स्वतःची फिर्याद नाही. साक्ष देण्याइतके बळ जिला लाभते तिलाही फिर्यादी होणे किती कठीण जाते, हे या मौनाइतके कोणत्याही विधानाने सांगितले नसते.

घराच्या आतील हिंसेला कायद्यात नाव मिळाले तेही उशिराच. 1983 साली पतीच्या व सासरच्या क्रौर्याचे 498-अ कलम आले. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने, जो ऑक्टोबर 2006 पासून लागू झाला, मारहाणीबरोबर लैंगिक, वाचिक, मानसिक आणि आर्थिक छळही हिंसेत धरला, आणि राहत्या घरातून बाहेर न काढले जाण्याचा हक्क स्त्रीला दिला. हा शेवटचा हक्क वाङ्मयाच्या वाचकाला विशेष अर्थपूर्ण वाटावा. 'घराबाहेर काढीन' हे वाक्य मराठी कथा-कादंबरीत इतक्या वेळा, इतक्या सहजतेने येते की ती धमकी आहे हे वाचकाच्या ध्यानातही येत नाही.

तेंडुलकरांचे 'सखाराम बाइंडर' 1972 सालचे. देसाईगंजची घटना त्याच वर्षातली. टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा सखाराम आपल्या अटी आधीच स्पष्ट सांगतो, आणि येणारी बाई त्या मान्य करते. म्हणजे दाराशीच संमती घेतली जाते. चंपा, एका बडतर्फ फौजदाराची बायको, त्या अटींवर घरात येते, आणि रात्री सखारामाला सामोरे जाण्यासाठी आधी दारू मागते. त्या वेळच्या टीकेने यात दिसेल ते सर्व पाहिले: अश्लीलता, आदिमता, स्त्रीदेहाचे प्रदर्शन. शुद्ध हरपल्यावाचून जे सोसवत नाही त्याला होकार म्हणावे काय, हा नागपूर खंडपीठापुढील प्रश्न चार वर्षे आधी रंगमंचावर मांडला गेला होता, हे कोणाला जाणवल्याचे दिसत नाही. चंपा लग्नाची बायको नाही. ती तशी असती, तर दंडसंहितेने प्रश्नच उपस्थित होऊ दिला नसता. पतीचा अपवाद 1860 पासून चालत आला. त्यातील पत्नीचे वय दहावरून बारा, पुढे पंधरा, आणि 2017 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अठरा झाले. वर्मा समितीने हा अपवादच काढून टाकण्याची शिफारस केली होती. भारतीय न्याय संहितेच्या 63 व्या कलमात तो कायम ठेवण्यात आला आहे, आणि अठरा वर्षांवरील पत्नीच्या इच्छेविषयी ते कलम काहीही विचारीत नाही.